दुसरा श्वास

रुमालाच्या एका कोपऱ्याला सुरकुती राहिलीच होती. तांब्या गार व्हायला लागला की असंच होतं, मधला भाग कोऱ्या वहीच्या पानासारखा सपाट आणि कोपरे मात्र रुसलेल्या ओठांसारखे मुडपलेले… प्रभावतीनं शेगडीतला आणखी एक निखारा चिमट्यानं उचलून तांब्यात टाकला, तांब्याचा काठ फडक्यानं धरला आणि जीभ दातांत पकडून तो कोपरा दाबला. पांढरा रुमाल, कडेनं निळ्या दोऱ्याची वेल, तीही तिनंच भरलेली. काल पिवळ्या साबणानं घासून घासून धुतला होता, आणि आता गरम पितळेखालून त्याचा वास वर येत होता. ऊन, साबण, आणि त्यापलीकडे काहीच नाही असा एक मोकळेपणा. ती वाकली. एक श्वास घेतला, एकच. झालं. साबण.

रुमालाची घडी घालताना तिला स्वतःचंच हसू आलं, कारण अख्ख्या चाळीत दहावीतली दुसरी कुठली मुलगी रुमालाला एवढं जपत असेल? पण आज गुरुवार होता. इथल्या कंपन्यांना सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते, त्यामुळे सकाळचा भोंगा वाजला नव्हता आणि सगळी चाळ कशी कान मोकळे झाल्यासारखी वाटत होती. बनियनवरची माणसं नळापाशी सायकली धूत होती, कुणाचा तरी रेडिओ कुणाच्या तरी भिंतीतून ऐकू येत होता, आणि घराघरात बाप होते, म्हणजे दिसायला लागले होते, पाय पसरून, जागा अडवून… प्रभाच्या घरात जागा तेवढीच राहायची. बाकीचे सहा दिवस ते कळत नसे. गुरुवारी कळायचं.

“इकडं ये, येणी घालते,” आई म्हणाली.

प्रभा तिच्या पुढ्यात बसली. आई वेणी घालायच्या आधी तिचं डोकं हुंगते. तेल जिरलं का बघते असं दाखवते, केस बाजूला करते, आणि मग टाळूपाशी तिचा श्वास गरम गरम लागतो. आईला वाटतं, पोरीला कळत नाही. पोरीला सगळं कळतं, पण ती मान ताठ धरून बसते, कारण आता लपवायला काही उरलेलंच नाही आणि ज्याच्याकडे लपवायला काही नाही त्यानं मान ताठ धरावी, नाहीतर कधी धरायची?

“आज जानार हायेस न्हवं, सुमनताईंच्या बालवाडीत?”

“जाणार म्हणजे काय? माझ्याशिवाय सुरूच होत नाही तिथं.”

“मोठी आली. पुढाऱ्यागत बोलाया लागलीस.”

“मग? वक्तृत्वात पहिली आलेय.”

आईनं वेणीला एक हिसडा दिला, पण हिसड्यात राग नव्हता. आईचे, गिरजाबाईचे, हात आता कँटीनचे हात झाले होते, पिठाचे, डाळीच्या फोडणीचे. बाबांच्या जागेवर कंपनीनं तिला घेतलं होतं, म्हणजे बाबांच्या जागेवर नव्हे, बाबा पेंट शॉपला होते. पण लोक तसंच म्हणायचे, किसनच्या जागेवर लागली. जागा काय, कुणीही भरतं. वास भरत नाही. आई घरी येते तेव्हा घरभर डाळीचा वास येतो आणि तो वास चांगला आहे, भूक लागते त्यानं… प्रभानं मनातल्या मनात टाळी वाजवली. हे असं व्हायचं तिला. विचार त्या वळणावर आला की ती टाळी वाजवायची आणि विचार चिमणीसारखा उडून जायचा. ही युक्ती तिनं स्वतः शोधली होती आणि बालवाडीतल्या सगळ्यांना शिकवली होती.

शाळेत जायच्या रस्त्यावर खंडूचं पंक्चरचं दुकान लागतं. गेल्या वर्षी ती तिथून जात नसे, पलीकडच्या गटाराच्या कडेनं, साडीवाल्याच्या ओट्यावर चढून, मोठा वळसा घालून जायची, कारण खंडू ट्यूबला सोल्युशन लावायचा आणि तो गोडसर, डोक्यात बोट घालणारा वास रस्ताभर पसरायचा. आता ती मुद्दाम दुकानाला लागून जाते. मान वर, दप्तर छातीशी.

“काय प्रभाताई, निघाली स्वारी?” खंडू म्हणतो.

“निघाली.”

वास आला? आला. मग? मग काही नाही. बघ, काही नाही. दहा पावलं पुढे जाऊन ती एखादी लढाई मारल्यासारखी हसायची. आजही हसली. पण सोल्युशन म्हणजे रंगात मिसळायचं थिनर नव्हे, ही गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. खंडूच्या दुकानावरून मान वर करून जाणं म्हणजे ज्या विहिरीत आपण बुडालोच नव्हतो तिच्या काठावर उभं राहून पोहणं आल्याची बढाई मारणं. तिची विहीर वेगळी होती… टाळी.

वर्गात बाईंनी निबंध वाचायला सांगितला. तिनं उभं राहून खणखणीत वाचला आणि मागच्या बाकावरच्या मुलींनी एकमेकींना कोपरं मारली. ही तीच का, जी नववीत हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही दोनदा दचकायची, प्रार्थनेला उभी असताना एकदा सरळ कोसळलीच होती? तीच. पण आता बघा. प्रभाला स्वतःचा आवाज फार आवडायला लागला होता. तो आवाज तिला बालवाडीत सापडला होता, लहान मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या त्या पोरांमध्ये. भिंतीवर ‘अ अननसाचा, आ आईचा’, कोपऱ्यात सुकडीचा पत्र्याचा डबा, आणि मधोमध सतरंजी.

गुरुवारच्या या सभेची सुरुवात हिंदुरावनं केली. तो आता आयटीआयला जातो, मिशी फुटली आहे, पण एके काळी तो स्वतः गॅरेजच्या मागे थिनरची चिंधी नाकाला लावून नशेत बसायचा. त्याचा एक सोबती नाल्यात पडून गेला. त्यानंतर तो सुमनताईंकडे गेला आणि म्हणाला, ताई, गुरुवारची संध्याकाळ खोली द्या, पण मोठं माणूस आत नको. मोठी माणसं वास घेतात आणि मारतात. आम्ही एकमेकांचा घेऊ.

म्हणून ती रीत पडली. प्रत्येकानं आपला रुमाल घेऊन यायचा. चिंधी नव्हे, धुतलेला, घडी घातलेला रुमाल, कारण चिंधी खिशात लपते आणि रुमाल हातात धरता येतो. प्रत्येकाला एक सोबती. सोबत्यानं रुमाल उघडायचा, सगळ्यांसमोर नाकाला लावायचा, एक श्वास घ्यायचा आणि काय ते मोठ्यानं सांगायचं. साबण असेल तर साबण. नसेल तर जे असेल ते. ज्याचा रुमाल असेल त्याच्यावर कुणी ओरडायचं नाही, पण मग हिंदुराव त्याच्या घरी जाऊन बसायचा, आणि सोबती रोज शाळेपासून घरापर्यंत त्याच्याबरोबर चालायचा. सुमनताई बाहेर पायरीवर बसून बालवाडीच्या पोरांसाठी पुठ्ठ्याची अक्षरं कापायच्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या होत्या, “अरे बाबांनो, दुधाच्या राखणीला मांजरं बसवताय.” सगळी पोरं हसली होती. प्रभा सगळ्यांत मोठ्यानं हसली होती. कापराखालचा, विक्सखालचा, अत्तराखालचासुद्धा थिनरचा वास तिला कळायचा. प्रभाचं नाक म्हणजे कोर्टाचा निकाल.

आणि आज तिच्या नाकापुढे भीमराजचा रुमाल येणार होता.

भीमराज, ज्याची सोबती ती. आठवीतला, कान बाहेर आलेले, अंगानं काडी, आणि तोंड असं की गप्प बसला तर लोक विचारायचे, आजारी आहेस का. दिवाळीनंतर तो आला तेव्हा त्याचा हात थरथरायचा, पाण्याचा पेला धरवत नसे. प्रभानं त्याला पेला दोन्ही हातांनी धरायला शिकवलं. मागे एकदा त्याच्या रुमालाला वास आला होता. तिनंच सांगितला होता, स्वच्छ आवाजात, आणि हिंदुराव त्याच्या घरी गेला होता. त्याच्या बापानं, धोंडीबानं, सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाला, आता परत झालं तर शाळा बंद, मोशीला मामाच्या वीटभट्टीवर. तिथं माती हुंग म्हणावं.

तो आज उशिरा आला. केसांना पाणी लावून भांग पाडलेला.

“काय रे भिम्या,” बाकावरचा ज्योतीराम म्हणाला, “बघायला येणारेत काय तुला?”

“येऊन गेले,” भीमराज म्हणाला. “मलाच मुलगी पसंत नाही पडली.”

सगळे हसले. तोही हसला, पण हसून झाल्यावर त्यानं प्रभाकडे पाहिलं ते तिला नंतर आठवणार होतं. आत्ता ती फक्त आपला निळ्या वेलीचा रुमाल सतरंजीवर सरळ मांडण्यात गुंतली होती. तिचा स्वतःचा रुमाल हुंगणारी सोबतीण एक बारकीशी मुलगी होती. तिनं प्रभाचा रुमाल उचलला, एक श्वास, आणि लाजत म्हणाली, “साबण.” प्रभानं मान डोलावली. अर्थातच.

“प्रभा, तुझा नंबर,” हिंदुराव म्हणाला.

भीमराजनं रुमाल तिच्या हातात ठेवला. चौकड्यांचा, कडांचे दोरे सुटलेला. घडी घातलेला होता, पण इस्त्री नव्हती. ती हे नेहमीसारखं बघत होती, तपासनीसासारखं. तिनं रुमाल उघडला, नाकाला लावला आणि श्वास घेतला.

आधी खोबरेल. मग घाम, लोखंडी खाटेचा गंज. मग…

थिनर. शिळा नव्हे, कालचा, कदाचित आजचा. निकाल झाला. एक श्वास झाला होता, रीत पुरी झाली होती, आता रुमाल खाली घ्यायचा आणि तोंड उघडून एक शब्द बोलायचा, तीन अक्षरी शब्द, तिला तो पाठ होता…

तिनं दुसरा श्वास घेतला.

आणि सायकल स्टँडवर चढवल्याचा आवाज झाला. डब्याच्या कडीचा. बाबा ओट्यावर बसलेत, आत यायच्या आधी हात पुसताहेत. खिशातून वेस्टचा गोळा काढायचा, तो कापसाच्या सुताचा रंगीबेरंगी गुंता, त्यावर बाटलीतलं थिनर दोन थेंब, आणि मग एकेक बोट, एकेक पेर, सावकाश, जशी आई मुलाचे कान पुसते तशी. सगळं निघतं. नखांच्या कडा तेवढ्या राहतात. “वळख, आज कुठला रंग?” आणि ती त्यांच्या मांडीवर वाकून नखं बघते. पिवळा. म्हणजे आज टेंपो. हिरवा. म्हणजे आज काहीतरी मोठं, ट्रक. बाबांच्या अंगातल्या कामाच्या डांगरीला, बाहीला, मानेला, मिशीलासुद्धा तो वास, आणि लहानपणी तिला वाटायचं, माणूस असाच वास घेऊन जन्माला येतो, आई जशी राखेची आणि ती स्वतः जशी पेन्सिलीच्या भुश्शाची, तसे बाबा थिनरचे…

“प्रभाताई?” कुणीतरी म्हणालं.

ती परत आली. रुमाल अजून नाकाला होता. समोर सगळी तोंडं. हिंदुरावचे हात मांडीवर. भीमराज तिच्याकडे एकटक बघत होता, डोळे मोठे, कान लाल.

“साबण,” प्रभा म्हणाली.

आवाज खणखणीत होता. वक्तृत्वात पहिला आलेला.

भीमराजचे खांदे खाली आले. सुटकेनं, असं तिला वाटलं, आणि तिनं मनाशी चटकन एक गोष्ट रचली. पोरगं भट्टीवर जाईल, शाळा सुटेल, त्यापेक्षा मी समजावीन, मी सांभाळीन, दया म्हणजे काही पाप नव्हे… गोष्ट चांगली होती. कुणालाही पटली असती. फक्त तिच्या नाकाच्या मुळाशी अजून तो दुसरा श्वास बसला होता, आणि त्याला दया वगैरे काही ठाऊक नव्हतं.

मग बोलायची वेळ. गुरुवारी एकेकानं आपलं सांगायचं असतं आणि शेवटी बहुधा प्रभाच बोलायची, कारण तिच्यानंतर बोलायला कुणी धजत नसे. ती उठली. आज बोलवणार नाही असं तिला वाटलं होतं, पण तोंड उघडलं आणि गोष्ट आपोआप सुरू झाली, घसरगुंडीवर बसल्यासारखी. नववीत गणित कसं जमेना. बीजगणितातला क्ष कसा रोज नवीनच निघायचा. इथं सगळे हसतात, हसले. मग डोकं दुखायचं, मग कुणीतरी दाखवलं, मग नाद, मग नळाच्या रांगेत हंड्यासकट पडले ते. इथं सगळे गप्प होतात, झाले. मग आई. मग हिंदुरावदादा. मग रुमाल. शेवटचं वाक्य ती हळू म्हणायची, “आता मी एक श्वास घेते, आणि मला तेवढा पुरतो.”

टाळ्या पडल्या. बारक्या मुलीनं डोळे पुसले.

कुणीतरी दाखवलं. कोण? ते कधी कुणी विचारलं नव्हतं. कुणीच दाखवलं नव्हतं. गणित तर तिला अगदी बरं जमायचं.

आणीबाणी संपली त्या वर्षी बाबा सेकंड शिफ्टहून येताना मुंबई-पुणे रस्त्यावर ट्रकखाली सापडले. सायकल नंतर कुणीतरी आणून दिली, पुढचं चाक जिलबीसारखं. त्यांना ओट्यावर आणलं तेव्हा बायका रडत होत्या आणि प्रभा त्यांच्या नखांकडे बघत होती. निळा. आज निळा आहे बाबा. पण तो ओळखला म्हणून शाबासकी द्यायला कुणी नव्हतं. मग पाहुणे गेले, बुद्धांच्या तसबिरीशेजारी बाबांचा फोटो लागला, आणि फोटोला तर काहीच वास नसतो. डांगरी ट्रंकेत होती. आई कामाला गेली की प्रभा ट्रंक उघडायची आणि बाहीत तोंड घालून बसायची. तेवढंच. कितीतरी दिवस नुसतं तेवढंच. पण वास ही वापरली की संपणारी वस्तू आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. बाही विटली, मग कॉलर, मग खिसे. आणि ट्रंकेच्या तळाला बाबांची छोटी बाटली होती. दोन थेंब बाहीवर टाकले की बाबा परत स्टँडवर सायकल चढवायचे. मग चार थेंब. मग डांगरी काढायचीही गरज राहिली नाही, चिंधी पुरे. आणि मग एक दिवस असा आला की चिंधी होती, डोक्यात घंटा वाजत होत्या, आणि बाबा आलेच नाहीत, त्यांची आठवणही झाली नाही… हे ती कुणाला सांगणार? हे सतरंजीवर कसं मांडतात? म्हणून गणित.

सभा संपली. रीतीप्रमाणे ती भीमराजला घरापर्यंत सोडायला निघाली. सुट्टीची संध्याकाळ होती, चाळीचाळींतून तळणाचे वास येत होते, पोरं टायर पळवत होती. तो तिच्या शेजारून चालत होता आणि बोलत नव्हता. गप्प भीमराज म्हणजे आजारी भीमराज.

“थँक्यू म्हणायची पद्धत आहे,” ती म्हणाली. हसून म्हणाली, पण हसू कोरडं निघालं.

“कशाबद्दल?”

“तुला माहितेय कशाबद्दल.”

तो थांबला. पायानं रस्त्यातला एक खडा लोटला.

“तुझं नाक गेलं का ताई?”

“नाही.”

“मग आला ना वास?”

“आला.”

“मला वाटलं तू सांगशील,” तो म्हणाला. “म्हणून धुतला नव्हता.”

तिला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि तिनं ते न समजल्यासारखं केलं. “अरे पण भट्टीवर धाडलं असतं तुला. तुझे वडील म्हणाले होते ना…”

“म्हणू दे. भट्टीवर थिनर नसतं.” तो अजून खड्याकडेच बघत होता. “मला माझ्या तोंडानं सांगता येत नाही. सांगायला गेलो की विनोदच होतो. काल पण रंगाऱ्याच्या पोरासंगं बसलो. परवा पण. म्हटलं गुरुवार आला की तू सांगशील आणि मग दादा येईल घरी. सकाळी साबण हातात घेतला होता, ठेवून दिला.” मग एकदम, जुन्या सवयीनं, “तर तू साबण म्हणालीस. म्हणजे साबणाचा पैसा वाचला.”

कुणीच हसलं नाही. दोघंच तर होते.

“दे तो रुमाल,” प्रभा म्हणाली. “मी धुते.”

हे ती का म्हणाली? ताई आहे म्हणून. सोबती आहे म्हणून. आणि… त्यानं खिशातून रुमाल काढला, पण लगेच दिला नाही. मुठीत धरून तिच्याकडे पाहिलं. इतका वेळ, की तिला त्याचे बाहेर आलेले कान दिसेनासे झाले, नुसते डोळे दिसायला लागले. ज्यानं स्वतः चिंधी लपवली आहे त्याला दुसऱ्याचा हात कळतो.

“तू दोनदा घेतलास,” तो हळूच म्हणाला. “मघाशी. मी बघितलं.”

तिनं हात पुढे केला.

“धुशील ना ताई?”

“धुते म्हटलं ना.”

त्यानं रुमाल दिला. द्यायचा नव्हता, पण ताईला नाही कसं म्हणायचं? गल्लीच्या तोंडाशी तो वळला, आणि तिनं ‘उद्या शाळेपाशी थांबते’ असं ओरडून सांगायला तोंड उघडलं, ते तसंच मिटलं. आज संध्याकाळी त्याला कुणीतरी हाताला धरून ‘थिनर’ म्हणायला हवं होतं. तेवढंच त्याला हवं होतं. तो आपल्या घराच्या दारात दिसेनासा झाला आणि रस्त्यावर ती उभी राहिली, एका हातात दप्तर, दुसऱ्या हाताची मूठ.

परत फिरायचं. हिंदुरावदादा अजून बालवाडीत असेल, सतरंजी गुंडाळत असेल. जायचं आणि सांगायचं, दादा, साबण नव्हता. तेवढं तर सांगता येईल. पण मग तो विचारेल, मग तू साबण का म्हणालीस, प्रभा? आणि ती बोलायला लागेल, खणखणीत, आणि तोंडातून पुन्हा दयाच निघेल, किंवा गणित… पाय बालवाडीकडे वळले नाहीत, घराकडेही धड वळले नाहीत. तरी घर आलं.

आई भाकरी थापत होती. मोरीत बादली भरलेली होती, साबणाची वडी कोनाड्यात. चार पावलं. प्रभा मोरीपाशी गेली, उकिडवी बसली, मूठ बादलीवर धरली. सोडायची. बुडवायची, साबण लावायचा, घासायचं. किती सोपं. तिला डांगरी आठवली. प्रभा नळावर पडली त्या दिवशी आईला बाटली सापडली होती, ट्रंक सापडली होती, आणि आईनं तिला मारलं, लाटण्यानं, हात दुखेपर्यंत. मग बाटली गटारात ओतली. मग डांगरी घेऊन याच मोरीत बसली आणि धुवायला लागली. सोडा टाकून, उकळतं पाणी टाकून, परत, परत परत, रडत नव्हती, नुसती धोपटत होती, कापड पांढरं पडेपर्यंत… आज त्या डांगरीचं शेगडीखाली फडकं आहे. तेव्हा प्रभाला वाटलं होतं, आई माझ्यावर चिडलीय. एवढंच वाटलं होतं.

टाळी वाजवायची वेळ झाली होती. पण एका हाताची मूठ मिटलेली असली की टाळी वाजत नाही.

“काय गं, काय करतीस तिथं?”

“काही नाही.”

थापायचा आवाज थांबला. तव्यावर भाकरी टाकल्याचा आवाज आला नाही. मग आईची पावलं. प्रभा तशीच बसून राहिली, पाठमोरी, आणि तिला कळलं की ती मूठ लपवत नाहीये. मूठ गुडघ्यावर आहे, उघड्यावर, दिव्याच्या उजेडात, आणि ती वाट बघतेय. ओळख ना. आई, मला माझ्या तोंडानं नाही सांगता येत, मी सांगायला गेले की भाषण होतं. तू सांग. तो एक शब्द मोठ्यानं म्हण, मग मार, लाटणं घे. भीमराज सतरंजीपुढे असाच बसला होता, कान लाल करून, आणि मी…

आई मागे येऊन उभी राहिली. मग वाकली, सकाळी वाकते तशी. पीठ लागलेल्या हातांनी केस बाजूला केले नाहीत, नुसतं तोंड जवळ आणलं. टाळूवर श्वास गरम लागला. मग तो खाली आला, खांद्यावरून, मुठीपर्यंत. आईनं तिचं मनगट धरलं, मूठ वर उचलली आणि श्वास घेतला. आता, प्रभाला वाटलं. आता म्हणेल. तिनं डोळे मिटून घेतले.

आई काही म्हणाली नाही.

मनगट सुटलं नाही. तव्याचा धूर मोरीपर्यंत यायला लागला, बाहेर कुणाच्या तरी बापानं कुणाला तरी जेवायला हाक मारली, आणि प्रभाच्या मुठीवर, बोटांच्या पेरांवर, आईनं दुसरा श्वास घेतला. लांब, खोल, आतून थरथरत गेलेला, जसा माणूस ओट्यावर सायकल वाजली की घेतो.

प्रभानं डोळे उघडले नाहीत. बादलीतलं पाणी अगदी जवळ होतं, त्याचा गारवा गुडघ्यांना लागत होता, आणि आईचं पीठ तिच्या मनगटावर वाळत चाललं होतं. ज्या रिकाम्या जागेत आपण एकट्याच बसलोय असं तिला इतकी वर्षं वाटत होतं, तिथं दुसरंही कुणीतरी बसलेलं होतं, तिच्या शेजारीच, सगळा वेळ, नाक बाहीत घालण्याचीही मुभा नसलेलं. दोघींपैकी एकीला आता बोलायला हवं होतं. मी बोलेन, प्रभा मनात म्हणाली. आधी आईशी, मग दादाशी, मग त्या पोराशी. गणित नको. पहिला शब्द ‘बाबा’ आहे. त्याच्या पुढचा तिला अजून सापडत नव्हता, आणि मूठ, बोटं दुखायला लागली होती तरी, तशीच मिटलेली होती.